आधी भीती येऊ दे

“भीती इली?”

“नाही.”

“मगे चल घराक.”

सावळाराम तांडेल उठले. चड्डीची वाळू झटकली, सर्फिंगची फळी काखेत मारली आणि तिरके तिरके चालत निघाले. एक डोळा वाटेवर, एक डोळा समुद्रावर.

शार्दूल साळवी बसूनच राहिला.

“काका, आजपण नाही?”

“तुका इली नाय. त्याका मी काय करू?”

“तुम्हाला आली होती?”

“माका? माका घरातून निघतानाच इली.”

“मग तुम्ही तरी जायचं होतं आत!”

“आणि तू?”

“मी बसलो असतो इथे.”

“तू बसलो नसतंस,” तांडेल म्हणाले आणि चालू लागले.

ते खरंच होतं. शार्दूल बसला नसता.

धोंडवळचा किनारा म्हणजे दोन काळ्या कातळांच्या मध्ये सापडलेली वाळूची चिंचोळी पट्टी. इथे लाट लांबून फेसाळत, पाय गोंजारत येत नाही. काठाशी येईपर्यंत ती पाण्यावरची नुसती एक काळी घडी असते. मग एकाएकी ताडमाड उभी राहते आणि गुडघाभर पाण्यात, थेट वाळूवर आपटते. श्रावणात तर वरच्या वाडीतल्या फडताळांतले कप वाजतात.

होड्या केव्हाच वर ओढून माडाच्या झापांनी झाकलेल्या असतात. नारळी पुनवेला नारळ पडेपर्यंत समुद्रात कोणी पाय घालत नाही. तांडेल घालतात. आणि तांडेलांकडे शिकायला येणारे वेडे.

शार्दूल हा त्यांतला ताजा वेडा. गडी रत्नागिरीचा. पार दक्षिणेपर्यंत स्पर्धा मारून आलेला, पेपरात फोटो आलेला, अंगात वारं भरलेला. श्रावणातली धोंडवळची लाट घेणारा अख्ख्या किनाऱ्यावर एकच माणूस होता आणि तो म्हातारा होता. दुसरा आपण व्हायचं, एवढ्यासाठी तो आला होता.

तांडेलांनी त्याला घरी ठेवून घेतलं. पडवीत चटई दिली. आणि दोनच गोष्टी सांगितल्या.

“दर्याक पाठ दाखवची नाय. कधीच नाय. घराक येतानापण नाय.”

“बरं. आणि?”

“आत जावच्या आधी हय बसाचा. लाट जय येवन थांबता, थय. भीती येयसर.”

“भीती येईपर्यंत?”

“होय.”

“आणि नाही आली तर?”

“मगे घराक.”

शार्दूल हसला होता. त्याला वाटलं होतं, म्हातारा चेष्टा करतोय.

म्हातारा चेष्टा करत नव्हता. रोज सकाळी दोघं जायचे, ओल्या आणि कोरड्या वाळूच्या सीमेवर फळ्या टाकून बसायचे. समोर लाटा आपटत राहायच्या. शार्दूलचे पाय शिवशिवायचे. त्याला दिसायचं की इथून असं शिरता येईल, तिथून अशी पकडता येईल. भीती मात्र औषधालाही सापडायची नाही.

मग तोच प्रश्न. तेच उत्तर. तीच वाट घराची.

एकदा त्याने न राहवून विचारलं. तांडेल घरापुढच्या खळ्यात नारळ सोलत बसले होते.

“काका, तुम्ही खरंच भिता?”

“होय.”

“इतकी वर्षं झाली तरी?”

“आता ज्यास्त.”

“पण हे उलटं झालं ना? सवय झाली की भीती जायला हवी.”

तांडेलांनी हातातला कोयता वर धरला.

“कोयत्याची सवय झाली म्हणान बोटां फुडे करूची?”

शार्दूलने वाद सोडून दिला. पटलं म्हणून नव्हे. मोठ्या माणसाच्या तोंडी लागू नये म्हणून.

आतून मथुराकाकी म्हणाल्या, “अरे, हेंचा तू काय घेवन बसलंस! लग्नाच्या दिवशीसुद्धा हे आधी बाहेर बसान रवले. भटजी आत बोंबलता, मुहूर्त जाता म्हणान.”

“मग?”

“मगे इले. घामान भिजान.”

तांडेल नारळ सोलत राहिले. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

शार्दूलच्या मनाने मात्र निकाल देऊन टाकला. म्हातारा भित्रा आहे. कधीकाळी असेल शूर, आता संपला. संपलेल्या माणसाकडून परवानगी कसली मागायची? पण राहतो त्याच्या घरी, खातो त्याची पेज. उघड मोडता येईना.

तेव्हा त्याने नाटक करायचं ठरवलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तो एकदा झाड झाला होता. अभिनयाचा अनुभव तेवढाच.

दुसऱ्या दिवशी तो वाळूवर गुडघे छातीशी घेऊन बसला. दात वाजवले. खांदे थरथरवले. मधूनमधून “अरे बापरे” असंही पुटपुटला.

तांडेल समुद्राकडे बघत होते.

“भीती इली?”

“आ… आली.”

“बरा झाला. कोणाक भियालंस?”

“लाटेला.”

“खयच्या?”

हे शार्दूलने ठरवलं नव्हतं. तो गडबडला, त्याने बोट पुढे केलं.

“ती बघा ना! ती… मोठी!”

तांडेलांनी बोटाच्या रोखाने पाहिलं. ती मोठी लाट आपटून, पसरून, फेस होऊन परत निघाली होती.

“ती गेली मरे,” तांडेल म्हणाले. “गेलेल्याक कित्याक भियातंस? चल घराक.”

शार्दूलचं तोंड एवढंसं झालं. घरी जाईपर्यंत आत राग धुमसत होता, आणि रागाला वाट हवी होती.

वाट दुसऱ्याच दिवशी मिळाली. तांडेल आणि काकी सकाळच्या एसटीने बाजाराला गेले.

शार्दूल बोर्ड घेऊन किनाऱ्यावर गेला. तो बसला नाही.

दक्षिणेकडच्या कातळाला लागून पाण्याची ओढ बाहेर जाते, हे त्याने हेरून ठेवलं होतं. त्याच ओढीवर पोट टेकून तो आत सरकला. कातळाच्या करवतीसारख्या कडा हाताच्या अंतरावरून गेल्या. त्याला त्याचंही काही वाटलं नाही. बघता बघता तो लाटांच्या पलीकडे पोचला आणि बोर्डवर उठून बसला. लांबवर गाव एवढंसं दिसत होतं.

काळी घडी आली. त्याने हात मारले. बोर्ड उचलला गेला, तो उभा राहिला आणि लाटेच्या उतारावरून सुसाट सुटला. पाण्याची भिंत खांद्याशी, तिच्यावर टेकलेली त्याची बोटं… लाट आपटायच्या आत तो तिच्या पाठीवरून पलीकडे निसटला.

तो ओरडला. ऐकायला कोणी नव्हतं, तरी ओरडला. इतका आनंद त्याला कुठल्याच पदकाने दिला नव्हता, हे खरं आहे आणि ते सांगायलाच हवं.

मग त्याने दुसरी घेतली. थांबला नाही, मागे काय आहे बघितलं नाही. आली, घेतली.

ही लाट उभी राहिली आणि तिच्या पायाखालचं पाणीच नाहीसं झालं. शार्दूलने खाली पाहिलं तर खाली वाळू होती. ओली, चकचकीत, नुसती वाळू.

तो डोक्यावर पडला. खांदा वाळूत रुतला. वर लाट पडली.

ती पडून थांबली नाही. तिने त्याला मागे खेचलं, उचललं, परत वरून आणून आपटलं. पायाची दोरी ताणली, बोर्ड कुठेतरी कातळावर वाजला आणि दोरी सैल झाली. नाकात वाळू. कानात गडगडाट. डोळे उघडले तर सगळीकडे गढूळ काळोख.

श्वास संपत आला. वर जायला हवं. त्याने जिवाच्या आकांताने हात मारले. एक, दोन… वर, वर…

आणि हाताला वाळू लागली.

तो खाली पोहत होता.

त्या क्षणी शार्दूलला भीती आली. साधीसुधी नाही. पदकं, फोटो, स्वतःचं नावसुद्धा विसरायला लावणारी. वर कुठे आणि खाली कुठे हेच माहीत नाही, एवढंच काय ते माहीत होतं. त्याने “आई” म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडात समुद्र शिरला.

त्याला कोणी वाचवलं नाही. त्याने स्वतःही स्वतःला वाचवलं नाही. पुढची लाट आली आणि तिने त्याला वाळूवर फेकून दिलं, भाजीवाली सडका बटाटा फेकते तसं. तो चार पायांवर रांगत वर गेला, होड्यांच्याही वर, केवड्याच्या बनामागे, जिथून समुद्र दिसत नव्हता.

तांडेल परतले तेव्हा दुपार टळली होती. घरी पोरगा नाही म्हणून ते पिशवी खांद्याला तशीच ठेवून किनाऱ्यावर आले. पाण्याच्या रेषेवर अर्धा बोर्ड पडला होता. ते मटकन खाली बसले. बराच वेळ त्यांना उठता येईना.

मग त्यांना वाळूत रांगल्याची खूण दिसली. त्या खुणेमागून ते केवड्यापाशी आले.

शार्दूल गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

तांडेल शेजारी बसले. पिशवीतून केळं काढलं, सोलून त्याच्या हातात दिलं. ते त्याच्या बोटांतून सुटून वाळूत पडलं. त्यांनी दुसरं सोललं.

“बोर्ड तुटला,” शार्दूल म्हणाला.

“दिसला.”

“…तुम्ही काही बोलणार नाही?”

“काय बोलू? जितो आसंस.”

मग त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच ठेवला.

त्या दिवसापासून पोरगा बदलला. समुद्राकडे जाणं तर सोडाच, तो पडवीतली चटई उचलून माजघरात आला. लाटेचा धडाका ऐकू आला की हातातला घास हातात राहायचा. न्हाणीत डोक्यावर तांब्या ओतला की श्वास अडकायचा, आणि तो केसांत साबण घेऊन तसाच धडपडत बाहेर यायचा.

मथुराकाकी आधी हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या हसायच्या थांबल्या. त्यांनी कढत पाण्याची बादली आणि पंचा त्याच्यापुढे ठेवला.

“ओतू नको. पंचो भिजव आणि पूस. बाळाक पुसतत तसा.”

शार्दूलला रडू आलं. एवढा पदकवाला माणूस, आणि त्याला तांब्याभर पाणी अंगावर घेता येईना.

शेवटी त्याने बॅग भरली. तांडेल खळ्यात जाळ्याची भोकं शिवत होते. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“उद्याच्या एसटीने जातो, काका.”

“जा.”

“घरी गेल्यावर… ही जाईल ना?”

“कोण?”

“भीती.”

“तुमच्या रत्नागिरीक दर्यो नाय?”

“आहे ना.”

“मगे…”

तांडेल शिवत राहिले. शार्दूल खाली बसला. त्याचा आवाज चढला.

“काढून टाका ही! तुम्हाला येत असेल काढता.”

“मी खय घातलंय?”

“तुम्हीच! रोज सकाळी तेच, भीती आली का, भीती आली का! आता आली. बसलीये इथे, छातीवर. खाऊ देत नाही, झोपू देत नाही, आंघोळ करू देत नाही. आता सांगा, हिचं काय करू?”

तांडेलांनी जाळं बाजूला ठेवलं. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं आणि शार्दूलला त्याचा संताप आला.

“इली मां?”

“आली.”

“मगे चल.”

“कुठे?”

“खय म्हंजे? तू कित्याक इललंस हय?”

शार्दूल का उठला, हे सांगणं कठीण आहे. म्हाताऱ्याचा शब्द मोडायची हिंमत आता त्याच्यात उरली नव्हती, असं म्हणूया. केवड्याच्या बनापर्यंत तो चालला. तिथे त्याचे पाय थांबले.

तांडेल थांबले. घाई केली नाही.

“होड्यांपर्यंत येतंस?”

शार्दूलने नकारार्थी मान हलवली.

“बरा. मी हयच बसतंय.”

बऱ्याच वेळाने शार्दूल होड्यांपर्यंत आला. मग पुन्हा बऱ्याच वेळाने, एका होडीची कड सोडून, ओल्या वाळूच्या सीमेपर्यंत आला आणि तिथे धपकन बसला. समोर तोच समुद्र, तेच कातळ. पण त्याला ते आधी कधी पाहिलेच नसल्यासारखे दिसत होते. कातळाच्या कडा इतक्या धारदार होत्या? पाणी मागे जाताना असं चुळूक चुळूक वाजायचं? आणि ती ओढ, जिच्यावर तो मजेत आत गेला होता, ती तर एखाद्या ओढ्यासारखी वाहत होती.

“पाय उचलत नाहीत माझे,” तो म्हणाला. “पुढे नाही येणार मी. मारा, काहीही करा.”

“नको येव.”

तांडेल उठले. बरोबर आणलेली फळी वाळूतच राहू दिली. ते शार्दूलच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. तोंड त्याच्याकडे आणि पाठ समुद्राकडे.

शार्दूलला आधी काही उमगलंच नाही. उमगलं तेव्हा त्याचं बोट आपोआप वर झालं.

“काका… पाठ.”

तांडेल एक पाऊल मागे गेले.

“काका, समुद्राकडे पाठ आहे तुमची!”

“होय.”

आणखी एक पाऊल. फेसाचं पाणी त्यांच्या घोट्यांना लागलं. ते त्याच्याकडेच बघत होते. पापणीसुद्धा हलत नव्हती.

“वळा ना! अहो, वळा! काय चाललंय हे?”

तांडेल मागे मागे जात राहिले. पाणी पोटऱ्यांना, मग गुडघ्यांना. एक बारीकशी लाट त्यांच्या मांड्यांवर फुटली. ते झोकांडले, सावरले, तरी वळले नाहीत.

शार्दूल ओरडत होता आणि एकीकडे त्याची नजर भिरभिर फिरत होती. डावीकडे, उजवीकडे, लांब. कधी नव्हे ती त्याची नजर लाटांच्याही मागे गेली. तिथे काही नव्हतं. पाणी सपाट. नुसतं सपाट.

मग ते सपाट पाणी हललं.

तांडेलांच्या पायांतून पाणी मागे सरकू लागलं. गोटे खडखडत त्यांच्या पायांवरून गेले. गुडघ्याचं पाणी पोटरीला आलं, पोटरीचं घोट्याला, आणि त्यांच्या पाठीमागे सबंध वाळू उघडी पडली. लांबवर काळी घडी उठली. तिच्या मागे दुसरी, तिच्यापेक्षा उंच.

शार्दूलने ओरडायला तोंड उघडलं. आवाजच फुटला नाही. तोंड नुसतं उघडं राहिलं.

तांडेल थांबले.

आणि शार्दूल धावला.

पाय कसे उचलले ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. तो उघड्या पडलेल्या वाळूवरून धावत गेला, म्हाताऱ्याचं मनगट धरलं आणि मागे ओढलं. चार पावलं झाली नसतील, तोच मागून लाट पडली.

दोघंही तोंडावर आपटले. फेस डोक्यावरून गेला. मग पाणी परतलं आणि दोघांना घेऊन निघालं. शार्दूलने टाचा रोवल्या. एक हात कोपरापर्यंत वाळूत खुपसला. दुसऱ्या हातात ते मनगट होतं, हाडकुळं, निसरडं. ते सुटत होतं… सुटत होतं… त्याने नखं रुतवली.

तांडेल उठायला बघत होते.

“उठू नका!” शार्दूल किंचाळला. “दुसरी येतेय! मोठीये! वाळूला चिकटून राहा!”

तांडेलांनी ऐकलं. शिष्याने सांगितलेलं गुरूने बिनतक्रार ऐकलं आणि वाळूत तोंड खुपसून पडले. दुसरी लाट आली. जमीन हादरली. शार्दूलच्या छातीतला श्वास निघून गेला, खालचं आणि वरचं एक झालं. त्याने डोळे मिटले नाहीत. फेस पांढऱ्याचा करडा होईपर्यंत, करड्यातून आभाळ दिसेपर्यंत त्याने डोळे उघडे ठेवले.

“आता! चला, काका, आता चला!”

दोघं उठले, पडले, रांगले. तांडेल ओल्या वाळूवर येऊन पालथे झाले आणि खोकू लागले. त्यांच्या मनगटावर चार नखांचं रक्त होतं.

शार्दूल उभा राहून त्यांना बोलू लागला. काय वाट्टेल ते बोलला. म्हातारचळ लागलाय म्हणाला, काकींना काय तोंड दाखवणार होतो मी म्हणाला, मरायचं होतं तर एकटे मरायचं म्हणाला. बोलता बोलता रडायला लागला. लहान पोर रडतं तसा, नाक पुसत, शब्द गिळत. लाटेचं पाणी त्याच्या पोटऱ्यांवरून येत होतं, जात होतं. पायाखालची वाळू वाहून नेत होतं. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. पुढची लाट आली तेव्हा त्याने बोलणं न थांबवता मान वळवून तिच्याकडे बघितलं, ती लहान आहे हे पाहिलं, आणि पुन्हा तांडेलांकडे वळून बोलू लागला.

तांडेल उठून बसले. नाकातलं खारं पाणी शिंकरलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. म्हातारा खरंच घाबरला होता, आणि ते लपवायचा त्याने मुळीच प्रयत्न केला नाही.

“पाठ दाखवायची नाही म्हणून कोणी सांगितलं मला?” शार्दूल म्हणाला. “कोणी सांगितलं? एक आली, तिच्या मागे दुसरी आली… त्यातली एक तरी दिसली का तुम्हाला?”

“दिसली मां.”

“कुठे दिसली? पाठ होती तुमची! कुठे दिसली?”

तांडेलांनी वर बघितलं. त्याच्याकडे.

“तुझ्या तोंडार.”